हजेरी अजून संपलेली नाही

७ मे २०२५ ची संध्याकाळ. जबलपूरमध्ये भोंगा वाजला आणि आमच्या गल्लीतले दिवे मालवले गेले. केंद्र सरकारने देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल ठेवलं होतं आणि मध्य प्रदेशातल्या निवडक शहरांत आमचं शहर होतं. कारण इथे सगळ्यांना माहीत आहे. १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी इथे आहे, खमरियात दारूगोळा तयार होतो, व्हेईकल फॅक्टरीत लष्कराच्या गाड्या बनतात. माझे आजोबा भंडाऱ्याकडून यांतल्याच एका फॅक्टरीत मजुरीला आले आणि इथलेच झाले. बाबाही तिथूनच निवृत्त झाले. आमच्या घरात लढाईची बातमी ओव्हरटाइमच्या भाषेत येते.

दुसऱ्या दिवशी एक्स या कंपनीने जाहीर केलं की भारत सरकारने तिला आठ हजारांहून अधिक खाती देशात बंद करण्याचे आदेश दिले आहेत. मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लढाईच्या वेळी सरकारने बघायचं नाही तर कुणी बघायचं? आणि आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय, बेटा?"

हे वाक्य तुम्हीही घरी ऐकलं असेल. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पहिली पदवी आपलीच. आईवडिलांनी सरकारी नोकरी, सरकारी वसतिगृह, सरकारी शिष्यवृत्ती यांच्या आधाराने आपल्याला इथवर आणलं. जातीने छळणाऱ्या गावापेक्षा कागदपत्रं मागणारं सरकार परवडलं, हा त्यांचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. त्यामुळे 'प्रायव्हसी' हा शब्द आला की आपल्याला वाटतं, हे बंगलेवाल्यांचं दुखणं आहे. मलाही बराच काळ तसंच वाटायचं. ते मत कसं बदललं, ते सांगायला हा लेख लिहिते आहे.

मी समाजशास्त्रात पीएचडी करते. जबलपूरमधल्या विमुक्त जमातीच्या एका वस्तीत माझं क्षेत्रकार्य चालू आहे. पहिल्या महिन्यात मी वही आणि मोबाइलचा रेकॉर्डर घेऊन घरोघर फिरत होते: नाव, वय, मूळ गाव, घरात माणसं किती, कोण कुठे कामाला जातं, कुणावर केस आहे का. एका दारात साठीच्या एका काकींनी मला पाणी दिलं, माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि विचारलं, "पोलीसही येऊन हेच विचारतात आणि असंच लिहून घेतात. तुझ्या लिहिण्यात आणि त्यांच्या लिहिण्यात फरक काय?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन वही उघडली तर खरोखरच माझ्या रकान्यांत आणि ठाण्यातल्या नोंदवहीच्या रकान्यांत फारसा फरक नव्हता. मग मी शोधायला लागले की ही लिहून घेण्याची पद्धत आली कुठून. त्या शोधात जबलपूर मला पुन्हा पुन्हा भेटलं.

१८३० च्या दशकात विल्यम हेन्री स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांविरुद्धची मोहीम चालवली ती प्रामुख्याने इथून. जबलपूर-कटनी रस्त्यावर स्लीमनाबाद नावाचं गाव आजही आहे. ठग नेमके कोण होते, किती होते यावर इतिहासकारांमध्ये वाद आहेत, त्यात मी शिरत नाही. मला रस आहे त्याच्या पद्धतीत. पकडलेल्यांपैकी काहींना त्याने माफीचे साक्षीदार केलं आणि त्यांच्या जबान्यांवरून ठग घराण्यांच्या वंशावळी तयार केल्या. बाप कोण, आजा कोण, चुलते कोण, जावई कोण. १८३६ चा तिसावा कायदा त्याच्या मदतीला आला: टोळीत सामील असणं सिद्ध झालं तर जन्मठेप देता येत होती, अमुक एक गुन्हा केला हे वेगळं सिद्ध करण्याची गरज नव्हती. त्या साक्षीदारांना आणि त्यांच्या मुलांना जबलपूरमध्येच उद्योगशाळा काढून ठेवलं गेलं. तिथे त्यांनी तंबू शिवले, गालिचे विणले. गुन्हा रक्तातून येतो आणि वंशावळीवरून ओळखता येतो, ही कल्पना इथे कागदावर पक्की झाली.

१८५७ मध्ये या शहरात लढाई आली. गोंड राजे शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांच्यावर संशय होता. फकिराच्या वेषात हेर पाठवला गेला, त्याच्याकडून बातमी काढली गेली आणि १४ सप्टेंबरला दोघांना अटक झाली. घराच्या झडतीत देवीची प्रार्थना लिहिलेला कागद सापडला. इंग्रजांचा नाश कर, असं देवीकडे मागणं होतं. १८ सप्टेंबरला बापलेकांना तोफेच्या तोंडी दिलं. अटकेपासून मृत्यूपर्यंत चार दिवस. आपल्या घरात, आपल्या देवीला उद्देशून लिहिलेला कागद हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला.

त्यानंतर १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट. स्लीमनने एका टोळीसाठी वापरलेली पद्धत आता अख्ख्या जमातींना लागू झाली. नोंदणी, गाव सोडायला परवाना आणि हजेरी. महाराष्ट्रातल्या वाचकांना सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट माहीत असेल. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. 'हजेरी' हा शब्द आपण शाळेत शिकलो तेव्हा तो 'उपस्थित बाई' म्हणण्याचा होता. वस्तीतल्या काकींच्या आजीसाठी तो ठाण्यात जाऊन 'मी पळून गेले नाही' हे सिद्ध करण्याचा होता.

कायदा गेला, त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मध्य प्रदेशच्या पोलीस नियमावलीतल्या ८५५ आणि ८५६ या नियमांनी पाळत, रात्री-अपरात्री घरी जाऊन खात्री करणं, हालचालींवर लक्ष ठेवणं हे सगळं चालू ठेवलं. गोविंद नावाच्या एका माणसाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. १८ मार्च १९७५ च्या निकालात न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काची गंभीरपणे चर्चा केली, हे नियम घटनाबाह्य ठरण्याच्या काठावर आहेत असंही सुचवलं, पण ते रद्द केले नाहीत.

तीन महिन्यांनी आणीबाणी आली. आणि मग आला तो खटला, ज्यामुळे आमच्या शहराचं नाव कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं: एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. मिसाखाली स्थानबद्ध केलेला माणूस 'मला कोणत्या आधारावर डांबलंत' असं न्यायालयात विचारू शकतो का, हा प्रश्न होता. मध्य प्रदेशसह अनेक उच्च न्यायालयांनी हो म्हटलं होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असं नाही म्हटलं. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. सुनावणीत त्यांनी विचारलं होतं की पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं तरी काही उपाय नाही का. सरकारी बाजूचं उत्तर होतं, आणीबाणी असेपर्यंत नाही. इथे लढाईचा धागाही लक्षात घ्या. १९७१ च्या युद्धात जाहीर झालेली बाह्य आक्रमणाची आणीबाणी तेव्हाही उठवलेली नव्हती. ती १९७७ मध्ये उठली. युद्ध पंधरवड्यात संपलं होतं.

बहुमतात असलेल्या न्यायमूर्तींपैकी एक होते पुण्याचे यशवंत चंद्रचूड. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं ठरवलं, तेव्हा त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात एडीएम जबलपूर चुकीचा ठरवून मोडीत काढण्यात आला. मुलाने बापाचा निकाल फिरवला, ही गोष्ट वर्तमानपत्रांनी खूप चवीने सांगितली.

माझं म्हणणं त्या गोष्टीच्या पलीकडे आहे. आणीबाणी २१ महिने टिकली आणि देश अजून तिची आठवण काढतो. काढायलाच हवी. पण त्यात डांबले गेलेले वकील, संपादक, पुढारी होते, लिहू शकणारे होते. १८७१ ते १९५२ ही ८१ वर्षं लाखो माणसं आरोपाशिवाय, सुनावणीशिवाय हजेरी देत होती. तिची आठवण कोण काढतं? गोविंदचा खटला आणि एडीएम जबलपूर यांच्यात वर्षभराचंच अंतर आहे. एकावर पुस्तकं आहेत, दुसऱ्यातल्या नियमांखाली जगणाऱ्यांना पुस्तकात जागा नाही.

यातून मला एक गोष्ट दिसते. आपण समजतो की आधी यंत्र येतं, मग पाळत सुरू होते. प्रत्यक्षात आधी यादी असते. कुणाकडे बघायचं हे जातीने ठरवून ठेवलेलं असतं. लढाई त्याला निमित्त देते आणि यंत्र त्याला वेग देतं.

आज तो वेग केवढा वाढला आहे बघा. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरं जाहीर झाली, त्यांत जबलपूर होतं. चौकाचौकांत कॅमेरे आले. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांच्या ठशांबरोबर बुबुळांचे स्कॅन, सही, हस्ताक्षर, वर्तनाची लक्षणं असं बरंच काही गोळा करण्याचा अधिकार दिला आणि ते ७५ वर्षं जपून ठेवायला सांगितलं. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर नोंद नष्ट करण्याची तरतूद त्यात आहे. पण वस्तीत बसून ती तरतूद वाचा. मोहाच्या दारूच्या केसमध्ये कोर्टाच्या खेपा परवडत नाहीत म्हणून गुन्हा कबूल करून दंड भरलेली माणसं तिथे घरोघर आहेत. त्यांना 'आधी शिक्षा न झालेला' हे कलम कधीच लागू होणार नाही. ७५ वर्षं म्हणजे नातवंडांचंही अर्धं आयुष्य.

आणि हे फक्त विमुक्तांपुरतं राहत नाही. पेगासस हे इस्रायली कंपनीचं हेरतंत्र परदेशात विकायला तिथल्या संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो, म्हणजे त्याच्याकडे शस्त्र म्हणूनच पाहिलं जातं. दहशतवाद्यांविरुद्धचं हे शस्त्र भारतात कुणाच्या फोनकडे वळलं? २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपने ज्यांना सावध केलं, त्यांत डॉ. आनंद तेलतुंबडे होते आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. भीमा-कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या संगणकात पत्रं बाहेरून घुसवली गेली, असं अर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी तपासणी संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं. पेगाससबाबत सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच आहे असं ठामपणे म्हणता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही हेही न्यायालयात नोंदलं गेलं. शंकर शाहांच्या घरात कागद सापडला तरी होता. आता कागद घरात ठेवताही येतो, हा नवा धोका आहे.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. लपवण्यासारखं काय आहे?

काही दिवसांनी मी त्यांनाच विचारलं, "आपण भाड्याच्या घरात राहायचो तेव्हा बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत का होता?" ते गप्प बसले. माझ्या लहानपणी पुढच्या खोलीत कॅलेंडर होतं, निसर्गचित्र होतं. बाबासाहेब आणि बुद्ध आत, कपाटाच्या बाजूला. घरमालक भाडं घ्यायला यायचा तेव्हा आई मधला पडदा ओढून घ्यायची. स्वतःच्या घरात आल्यावर तो फोटो पुढच्या खोलीत आला. मग बाबा म्हणाले, "ते लपवणं नव्हतं. तेवढं घर टिकवायचं होतं."

खुद्द बाबासाहेबांना हे करावं लागलं होतं. बडोद्याच्या नोकरीत राहायला जागा मिळेना म्हणून त्यांनी पारशी वसतिगृहाच्या नोंदवहीत पारशी नाव लिहिलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक आहे. मला त्यातली नोंदवही दिसते. नाव विचारलं जातं ते जात कळावी म्हणून, आणि जात कळली की छप्पर जातं. जगातल्या सर्वात शिकलेल्या माणसांपैकी एकाला स्वतःबद्दलची एक गोष्ट स्वतःपाशी ठेवता आली नाही म्हणून त्या शहरातून परतावं लागलं. याला खासगीपणाचा प्रश्न म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

म्हणूनच १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण देणारं कलम घातलं होतं. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशीच दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती उपयुक्त असल्याचं म्हटलं आणि स्वीकारायची तयारी दाखवली. सभेने ती शेवटी मंजूर केली नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी दिलेला हक्क आपल्या चळवळीच्या कागदांत सत्तर वर्षं आधीपासून होता.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. आपल्याला तर आकडे हवेत. जातीनिहाय जनगणना आपणच मागतो. नोंद नसेल तर आरक्षण कसं टिकणार, अत्याचार कसा सिद्ध होणार? हे खरं आहे. पण मोजणं आणि पाळत ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९४८ च्या जनगणना कायद्याचं पंधरावं कलम सांगतं की जनगणनेतली व्यक्तीची नोंद कुणाला पाहता येणार नाही आणि ती पुरावा म्हणूनही वापरता येणार नाही. म्हणजे समाजाची संख्या उघड आणि माणसाचं नाव बंद, हे आपल्या कायद्याला जमतं. जात मोजा, माणसाच्या मागे लागू नका, एवढीच आपली मागणी आहे.

कॅमेऱ्याचंही तसंच. अॅट्रॉसिटी कायद्यातल्या १५ अ कलमाच्या दहाव्या पोटकलमाने या गुन्ह्यांची कार्यवाही चित्रित करायला सांगितली आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचे आदेश दिले. हे कॅमेरे आपल्याला हवेच आहेत. वस्तीच्या तोंडाशी कॅमेरा चालू आणि ठाण्यातल्या कोठडीचा बंद, हे मात्र नको.

मग आपण, म्हणजे नुकती पदवी हातात आलेल्यांनी, काय करायचं? मोठी कामं मोठे लोक करतील. काही आपल्या आवाक्यातली आहेत. ७ मे २०२४ ला, म्हणजे त्या मॉक ड्रिलच्या बरोबर वर्षभर आधी, सर्वोच्च न्यायालयाने अमानतुल्ला खान प्रकरणात म्हटलं की मागास, अनुसूचित जाती-जमातींतल्या निरपराध माणसांची नावं हिस्ट्री शीटमध्ये यांत्रिकपणे चढवली जातात. राज्यांना आपले नियम तपासायलाही सांगितलं. आपल्या राज्यात, आपल्या जिल्ह्यात त्याचं काय झालं हा प्रश्न माहितीच्या अधिकारात कुणीही विचारू शकतं. मी मध्य प्रदेशात अर्ज करते आहे, तुम्ही महाराष्ट्रात करा. वसतिगृहात, नोकरीत, शिष्यवृत्तीच्या अर्जात कुणी फोन दाखव म्हटलं, जास्तीची माहिती मागितली, तर 'कोणत्या नियमाखाली?' एवढं विचारायची सवय लावून घ्या. आणि तुमच्यापैकी जे सर्वेक्षण करतात, पत्रकारिता करतात, सामाजिक संस्थेत काम करतात, अंगणवाडीची किंवा मतदार यादीची कामं करतात, त्यांच्या हातात आता दुसऱ्यांची नोंदवही आहे.

माझ्या हातातही आहे. काकींच्या प्रश्नानंतर मी वहीतली सगळी नावं काढून टाकली. 'कुणावर केस आहे का' हा रकानाच खोडला. माझ्या विषयाला त्याची गरज नव्हती. ठाण्याने तो विचारला होता म्हणून मीही विचारत होते. रेकॉर्डिंग उतरवून झालं की पुसते. मग एका दुपारी मी काकींकडे गेले आणि त्यांच्याबद्दल लिहिलेलं पान त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मुलगा कोणत्या शहरात आहे ते एक वाक्य आणि नवऱ्याबद्दलचं एक वाक्य काढायला सांगितलं. मी त्यांच्यासमोर ती दोन्ही खोडली.

"आता ठेव," त्या म्हणाल्या.

पोलिसांच्या नोंदवहीत आणि माझ्या वहीत काय फरक आहे, याचं माझ्याकडे सध्या एवढंच उत्तर आहे. पोलिसांचं पान काकींना कुणी कधी वाचून दाखवलेलं नाही. ते वाचायला मिळावं आणि चुकीचं असेल तर खोडायला लावता यावं, हा हक्क आपण त्यांच्यासाठी मागायचा आहे, आणि आपल्यासाठीही.

जय भीम.